साठीनंतरचे पोहणे : पाणी तेच, अंग वेगळे

मे महिन्यात परळीचा पारा चाळिशी ओलांडतो, शाळांना सुट्या लागतात आणि पुण्या-मुंबईकडची लेकरे गावाकडे येतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी बहिणीच्या मळ्यात होतो. विहिरीत पोरांचा दंगा चालला होता. कुणाच्या कमरेला ट्यूब होती, कुणाच्या पाठीला रिकामा डबा. नात म्हणाली, "आबा, तुम्हाला येतंय का पोहायला?"

मी एकतीस वर्षे शाळेत खेळाचा शिक्षक होतो. त्या प्रश्नाला तोंडाने उत्तर देणे मला जमले नाही. सदरा काढला, कठड्यावर चढलो आणि मुटका मारला. वर आलो तेव्हा छातीत श्वास मावत नव्हता. घाबरून हात उचलला आणि मोटारीचा पाइप धरला. सगळे वजन उजव्या हातावर आले आणि खांद्यात काहीतरी सटकले. भाच्याने दोर टाकून वर घेतले. पुढचे सात महिने मला त्या हाताने डोक्यावर पाणी ओतता आले नाही.

पोहणे एकदा आले की अंगातून जात नाही, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, आणि साठीनंतरची गोम त्यातच आहे. मेंदूला पोहणे जसेच्या तसे आठवते. स्नायू हाडाला जोडणारे दोर, म्हणजे कंडरा, हृदय आणि रक्तवाहिन्या मात्र चाळीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या असतात. जो कधीच पोहला नाही तो पाण्याला भितो आणि जपून उतरतो. आपल्यासारखा जुना पोहणारा विशीतल्या आठवणीवर उडी मारतो.

परळीसारख्या गावात पोहण्यावर लिहायचे म्हणजे कुणी हसेल. वाण धरणाने तळ गाठला की शहरात टँकरच्या गोष्टी सुरू होतात. २०१५ च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून औष्णिक विद्युत केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. त्यात आमच्या पिढीतल्या अनेकांच्या वाट्याला गावची विहीर पोहण्यासाठी कधी आलीच नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, पण खेड्यातल्या विहिरीचा कठडा त्यानंतरही कित्येक वर्षे सगळ्यांना सारखा नव्हता. मग आम्ही शिकलो ते ओढ्याच्या डोहात किंवा खदानीच्या पाण्यात, मोठ्या भावाने ढकलून दिल्यावर. शिकवायला कुणी नव्हते, त्यामुळे डोके वर आणि हात धपाधप, अशीच सवय लागली. तिचा हिशेब खांदा साठीनंतर मागतो. आपल्यापैकी ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनी साठीत शिकायला लाजू नये. उलट त्यांना चुकीची सवय मोडावी लागत नाही.

पाणी हे दुखणाऱ्या अंगाचे मित्र आहे, याची दोन उदाहरणे सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि एक मणक्यात रुतली. पोहणे त्यांना आधी उपचार म्हणून मिळाले. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला त्या स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दुसरे उदाहरण जपानच्या मिएको नागाओका यांचे. गुडघा दुखतो म्हणून त्या ऐंशीनंतर पाण्यात उतरल्या, आणि २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, १५०० मीटर अंतर १ तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत पोहल्या. पंचवीस मीटरच्या तलावात याच्या साठ फेऱ्या होतात. जागतिक 'मास्टर्स' स्पर्धांमध्ये पंचविशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो, म्हणजे सत्तरीतल्या माणसाची गाठ सत्तरीतल्याशीच पडते. आपल्याकडे मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्रात पोहण्याची स्पर्धा भरते, तिथेही पोराटोरांबरोबर ज्येष्ठ मंडळी उतरतात. तेव्हा या वयात पोहू नका, असे माझे म्हणणे नाही.

म्हणणे एवढेच की पाणी फसवते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलो की पायांवर शरीराचे जवळपास निम्मेच वजन येते. छातीपर्यंत पाण्यात ते एक तृतीयांशाच्या आसपास राहते आणि मानेपर्यंत गेलो तर दहावा हिस्सा. म्हणून संधिवाताच्या माणसाला पाण्यात चालणे रस्त्यावर चालण्यापेक्षा सुसह्य होते. पण वजन हलके झाले म्हणून काम हलके होत नाही. मानेपर्यंत पाण्यात गेलो की बाहेरच्या दाबाने पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे ढकलले जाते. हे जास्तीचे रक्त पाऊण लिटरच्या जवळपास असते, आणि ते हृदयाला सांभाळावे लागते. पाणी गार असेल तर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. पाण्यात घाम दिसत नाही, तहान जाणवत नाही. जमिनीवर धाप लागली की आपण थांबतो. पाण्यात थांबायला पायाखाली जमीन लागते, आणि विहिरीत ती नसते.

आता उडीचे बघू. मी उडी मारली ती लहानपणच्या हिशेबाने. तेव्हा आम्ही श्रावण-भादव्यात भरलेल्या विहिरीत उड्या मारायचो, पाणी हाताच्या अंतरावर असायचे. मे महिन्यात तेच पाणी तळाशी गेलेले असते. म्हणजे उडीची उंची वाढते आणि पाण्याची खोली घटते. वीस फुटांवरून उडी घेतली तर पाण्याला टेकताना आपला वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या घरात असतो. तरण्या मणक्याला ते एखादे वेळी सोसेल. साठीनंतर हाडे ठिसूळ झालेली असतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची, आणि मानेच्या मणक्यांत झीज असते. तळाशी गाळात दगड किंवा मोटेच्या काळातले लाकूड असेल तर सूर मारणाऱ्याची मान मोडू शकते, आणि मानेखालचे सगळे शरीर आयुष्यभरासाठी लुळे पडू शकते. साठीनंतर सूरही नको आणि मुटकाही नको. पायऱ्या असतील तर पायऱ्यांनीच उतरावे.

उतरतानाही घाई नको. उन्हात तापलेले अंग एकदम गार पाण्यात गेले की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर पाणी फुप्फुसात जाते. छाती धडधडते, काही मिनिटे श्वासावर ताबा राहत नाही. माझे नेमके हेच झाले होते. म्हणून आधी सावलीत दहा मिनिटे बसावे, मग पाय, हात, मानेची मागची बाजू आणि छाती भिजवावी, श्वास शांत झाला की मगच खोल पाण्यात जावे. बाहेर येताना उलटी काळजी. पाण्याचा दाब सुटला की रक्त पुन्हा पायांकडे जाते आणि चक्कर येते. शिडीवर चढताना किंवा ओल्या फरशीवर पहिली पावले टाकताना म्हातारी माणसे पडतात ती यामुळेही. एक मिनिट काठाला धरून उभे राहिले तर कुणी हसत नाही. तलावाच्या फरशीवर रबरी तळाची चप्पल घालावी. पोहण्यातले कितीतरी मार पाण्याबाहेर, त्या फरशीवरच बसतात.

आता खांद्याकडे येतो, कारण तो मी सात महिने भोगला आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. तो चेंडू जागेवर धरून ठेवायला चार छोटे स्नायू असतात. त्यांच्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, आणि वयाबरोबर त्या दोरीसारख्या विरत जातात. दुखत नसले तरी साठीनंतर अनेकांच्या खांद्यात थोडीफार चीर असतेच. आता हिशेब करा. पंचवीस मीटरच्या एका फेरीत साधा पोहणारा वीस-पंचवीस हात मारतो. एक किलोमीटर म्हणजे चाळीस फेऱ्या, म्हणजे आठशे ते हजार हात. प्रत्येक खांद्याच्या वाट्याला चारशे-पाचशे. रोज एवढ्या वेळा कंडरा हाडाखाली घासली तर ती सुजणारच.

घासते का, तर आपल्या विहिरीतल्या सवयीमुळे. डोके वर ठेवले की पाय बुडतात, पाय बुडाले की सगळे अंग हातांनी ओढावे लागते. माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला टेबलावर पालथे झोपवून हात मारायला लावले आणि तीन चुका दाखवल्या. माझा हात डोक्यासमोर मध्यरेषा ओलांडून पडत होता. तो त्याच बाजूच्या खांद्याच्या रेषेत पडायला हवा. अंगठा आधी पाण्यात घुसत होता, त्याने खांदा आतल्या बाजूला पिळतो. तळवा खाली ठेवून बोटे आधी जाऊ द्यावीत. तिसरी चूक म्हणजे मी अंग सपाट ठेवून फक्त मान फिरवून श्वास घेत होतो. अंग कुशीवर थोडे वळले पाहिजे, मग हात सहज उचलला जातो आणि मानही पिळत नाही. श्वास एकाच बाजूने न घेता दोन्ही बाजूंनी घ्यायला शिकलो, त्याला मात्र दोन महिने लागले आणि नाकातोंडात भरपूर पाणी गेले.

घरी करायचे व्यायाम साधे आहेत. कोपर अंगाला चिकटवून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढणे, पाठीची दोन्ही फावडी एकमेकांकडे आणून पाच मोजणे, भिंतीला हात टेकून जोर मारणे. पट्टा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब चालते. आधी कमी ताणाने, दुखणार नाही इतकेच.

दुखणे आणि शिणणे यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पोहल्यानंतर दोन्ही खांदे, दोन्ही दंड जड झाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निवळले तर ते शिणणे. एकाच बाजूला, एकाच जागी टोचते, त्या कुशीवर रात्री झोपता येत नाही, हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, तर ते दुखणे. तेव्हा पोहणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात वर उचलताच येत नसेल तर चोळत बसू नये, कंडरा तुटलेली असू शकते आणि उशीर झाला की ती जोडणे अवघड होते. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा न दुखावताही आखडतो, त्याचा उपचार वेगळा असतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. डावा खांदा, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून येते, सोबत दम लागतो, मळमळते, गार घाम फुटतो, हे पोहण्याचे दुखणे समजू नका. बाम लावून झोपू नका. ते हृदयाचे असू शकते, लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्यात जा. मधुमेही माणसाला आणि बायकांना छातीत कळ न येताही झटका येतो.

गुडघ्यांचे थोडक्यात. बेडकासारखे पोहताना पाय बाहेर फेकून झटक्याने जवळ घेतले की गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. गुडघे झिजलेल्यांनी लाथ अरुंद ठेवावी किंवा पाय सरळ वर-खाली हलवावेत. सांधा बदललेला असेल तर जखम पूर्ण भरल्यावर आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पाण्यात उतरावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तसेच. परवानगी मिळेपर्यंत डोळ्यांत तलावाचे पाणी जाऊ देऊ नये.

आपल्या समाजात रक्तदाब आणि साखर घरोघरी आहे. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने खाली येते. जमिनीवर घाम आणि थरथर होते तेव्हा आपण सावध होतो. पाण्यात घाम कळत नाही आणि थरथर गारव्याची वाटते. म्हणून उपाशीपोटी पाण्यात जाऊ नये, काठावर ग्लुकोज किंवा साखर ठेवावी, आणि सोबतच्या माणसाला आपल्याला मधुमेह आहे हे सांगून ठेवावे. पायांना मुंग्या येत असतील, स्पर्श कळत नसेल तर काच लागलेली समजत नाही. बाहेर आल्यावर तळपाय बघावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची गती वाढूच देत नाहीत, त्यामुळे नाडी मोजून मेहनतीचा अंदाज घेऊ नये. काठाला आल्यावर दोन वाक्ये न थांबता बोलता आली तर मेहनत ठीक, नाही तर जास्त. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर पोटरीत पेटके येतात. पेटका आला तर पाठीवर तरंगावे, पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत.

किती पोहावे? विनयात सोण कोळिविस या भिक्खूची गोष्ट आहे. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी तो थांबेना. तो पूर्वी वीणा वाजवायचा. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांबद्दलच विचारले : तार फार ताणली तर नीट वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का? मला खेळाच्या शिक्षकाच्या प्रशिक्षणातही याहून नेमके कुणी सांगितले नव्हते. फिजिओने पोहायला हो म्हटल्यावर मी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, दहा मिनिटांपासून सुरुवात केली. पहिले दोन आठवडे छातीइतक्या पाण्यात नुसते चाललो. मग दर आठवड्याला एक-दोन फेऱ्या वाढवल्या. विशीत जी दुखापत चार दिवसांत भरते तिला आता चार आठवडे लागतात, हे मान्य करायलाच मला वेळ लागला. मधल्या दिवशी चालतो आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतो, कारण पाण्यात वजन पडत नसल्याने पोहण्याने हाडे बळकट होत नाहीत.

भगिनींसाठी एक सांगायचे. आमच्या वस्तीतल्या साठीच्या बायकांपैकी पोहता येणारी मला एकही माहीत नाही, आणि गुडघ्यांची तक्रार मात्र सगळ्यांचीच. जिथे तरणतलाव आहे आणि बायकांची वेगळी वेळ आहे, तिथे कमरेइतक्या पाण्यात अर्धा तास चालले तरी पुष्कळ झाले. पोहता आलेच पाहिजे असे नाही. साडीवर मात्र उतरू नये. भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि खाली ओढते. अंगाबरोबर बसणारा सलवार-कुर्ता किंवा पोहण्याचा पूर्ण पोशाख घालावा. "लोक काय म्हणतील" हे दोन दिवस टिकते.

विहिरीत उतरायचेच असेल तर आधी मोटारीची वीज तोडा. शेतीची वीज कधी जाते, कधी येते याचा नेम नसतो, आणि ऑटोवर ठेवलेली मोटार वीज येताच आपोआप सुरू होते. केबलला कुठे चीर असेल तर पाण्यात करंट उतरतो. स्टार्टर बंद करणे पुरेसे नाही; मेन स्विच पाडून फ्यूज काढावा आणि खिशात ठेवावा. धरणाच्या पाण्यात काठाजवळ बुडालेल्या बाभळी आणि गाळ असतो, पाय अडकला की निघत नाही. नदीवरच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला तर उतरूच नये, दरवाजे उघडले की पाणी सांगून येत नाही. आणि कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी एकट्याने पाण्यात जाऊ नये.

२०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून जास्त माणसे बुडून मेल्याची सरकारी नोंद आहे. यात वाचवायला गेलेलेही असतात. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. म्हणून आधी दोर, धोतर, साडी, लांब काठी टाका, किंवा झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा जार फेका. वर काढल्यावर त्याला उलटे टांगून गरगरा फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडे अजून चालते. त्याचा उपयोग होत नाही. वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा, त्याला पाठीवर निजवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस या वेगाने तीस दाब, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हेच. तोंडाने श्वास देणे जमत नसेल तर नुसते दाब द्या, पण थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते. विहारात एखाद्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढून एखाद्या परिचारिका भगिनीकडून हे सगळ्यांनी उशीवर करून शिकावे, असे मी आमच्या मंडळाला सुचवले आहे.

या मे महिन्यात मी पुन्हा बहिणीकडे गेलो होतो. विहिरीच्या कठड्याला आता जाड दोर कायमचा बांधला आहे, त्याला दर तीन फुटांवर गाठी आहेत. फ्यूज भाच्याच्या खिशात होता. मी पायऱ्यांनी उतरलो, छाती भिजवली, पाण्यात शिरलो आणि पाठीवर तरंगत राहिलो. नात वरून ओरडली, "आबा, उडी नाही का मारायची?" मी म्हणालो, "तू पण पायऱ्यांनीच ये."